स्ट्रॅटेजी की आरपीजी? नवीन असाल तर आपला प्रकार असा शोधा

मला गेमिंग जमतच नाही असं मी जवळपास दोन वर्षं धरून चाललो होतो. झालं असं की ज्याचं सगळे कौतुक करत होते तो एक मोठा आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) मी घेतला आणि चाळीसेक तास नुसता रेटला, संवाद आला की पटापट बटण दाबून पुढे, मॅपवर खूण दिसली की पळत जाऊन ती संपवायची, आणि शेवटी लक्षात आलं की मला यात काहीच वाटत नाहीये. माझी ताई शेजारी बसून तोच गेम बघायची आणि सारखी म्हणायची, "अरे थांब ना, तो म्हातारा काय सांगतोय ते तरी ऐकू दे." मग कधीतरी हातात सिव्हिलायझेशन हा स्ट्रॅटेजी गेम (वरून नकाशा बघत, आखणी करत शहरं आणि सैन्य चालवायचा) आला आणि पहिल्याच दिवशी पहाटेचे तीन वाजले. ताईने तोच गेम वीस मिनिटं खेळून बंद केला आणि विचारलं, "यात माणसं कुठेयत?"

हा प्रश्न मला खूप उपयोगी पडला, कारण तोपर्यंत मला वाटायचं गेम चांगला असतो किंवा वाईट असतो. कोणाला कशात मजा येते हे वेगळं असतं आणि ते आधी शोधता येतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहितोय. नवीन असाल, किंवा एक-दोन गेम अर्धवट सोडून "आपल्याला नाही जमत" म्हणून बसला असाल, तर या क्रमाने जाऊन बघा.

आधी हे जवळ असू द्या

- साधा पीसी किंवा लॅपटॉप आणि वेगळा माउस. स्ट्रॅटेजी टचपॅडवर खेळू नका, चिडचिड होते आणि दोष गेमला लागतो.
- अ‍ॅक्शन आरपीजी (ज्यात लढाई बटणं दाबून त्याच क्षणी लढायची असते) बघायचा असेल तर कंट्रोलर, नसेल तरी चालेल.
- दोन-अडीच तास सलग मोकळे. हे दोन्ही प्रकार पंधरा मिनिटांत कळत नाहीत.
- एक वही किंवा फोनमधल्या नोट्स, का ते खाली येईलच.
- बॅटल फॉर वेस्नॉथ हा गेम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००३ पासून चालू आहे आणि जुन्या मशीनवरही चालतो.
- जिथून विकत घेणार त्या स्टोअरचे रिफंडचे नियम. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) साधारण नियम असा की घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात.

१. दोघांचं मूळ एकच आहे, ते आधी समजून घ्या

इतिहास सांगून कंटाळा आणायचा नाहीये पण एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. १९व्या शतकात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून युद्धाचा खेळ खेळायचे. त्यातून पुढे हौशी लोकांचे वॉरगेम आले, टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायचे. १९७१ मध्ये चेनमेल नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम आले आणि मग गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला. त्यात मोठा बदल हा की तुमच्याकडे अख्खं सैन्य नाही, एकच माणूस आहे, त्याला नाव आहे, तो लढाई संपल्यावरही उरतो आणि पुढच्या वेळी थोडा जास्त तयार होऊन येतो.

म्हणजे आरपीजी हा वॉरगेममधूनच निघाला, फक्त कॅमेरा वरून खाली एका माणसाच्या खांद्यावर आला. नकाशा, फासे, आकडे, नियम सगळं दोन्हीकडे सापडतं. स्ट्रॅटेजीत युनिट (एखादा सैनिक किंवा तुकडी) मेलं तर तुम्ही हिशोब करता, आरपीजीत तुमच्या सोबतचा कोणी मेला तर ते मनाला लागतं, निदान लागावं अशी गेमची इच्छा असते. तुमचं मन यातल्या कशाकडे आपोआप जातं ते बघायचंय.

२. एक संध्याकाळ वेस्नॉथ खेळा आणि स्वतःकडे लक्ष ठेवा

हा गेम मी मुद्दाम सांगतो कारण यात दोन्हींचे अंश आहेत. षटकोनी घरांचा नकाशा आहे, पाळीपाळीने चाली आहेत, जंगल-डोंगर-गावात उभं राहिलं तर मार कमी लागतो, काही युनिट्स दिवसा जोरात असतात आणि काही रात्री, त्यामुळे कधी पुढे जायचं आणि कधी मागे सरायचं याचा विचार करावाच लागतो. हे झालं स्ट्रॅटेजीचं. पण प्रत्येक सैनिकाला अनुभव मिळतो, तो लेव्हल वाढवतो, बहुतेकांना स्वतःचं नाव असतं, आणि जो जिवंत राहिला त्याला पुढच्या लढाईत परत बोलावता येतं. मेला की गेला.

आधी ट्युटोरियल करा, मग द साउथ गार्ड ही नवशिक्यांसाठीची मोहीम सुरू करा आणि तीन-चार लढाया खेळा. खेळताना वहीत या गोष्टी लिहा, नंतर आठवून लिहिलं तर आपण स्वतःला हवं तेच लिहितो.

पहिलं, जुना सैनिक मेला तेव्हा मनात काय आलं? "अरे, एवढा एक्सपी (अनुभवाचे गुण) वाया गेला, आता उजवी बाजू उघडी पडली" असं आलं की "हा माणूस पहिल्या लढाईपासून सोबत होता" असं आलं? मला पहिलं आलं. ताईने नुसता सेव्ह लोड केला (म्हणजे आधी साठवलेल्या जागेवरून खेळ परत सुरू केला), त्याला वाचवायला तीनदा तीच चाल खेळली आणि त्या नादात लढाई हरली, पण तिला हरल्याचं काहीच वाटलं नाही.

दुसरं, लढायांच्या मधे येणारी गोष्ट वाचली की ढकलली? खरं लिहा, इथे कोणी बघत नाहीये.

तिसरं, हरलात तेव्हा काय करावंसं वाटलं? चूक कुठे झाली हे शोधून परत मांडावंसं वाटलं तर तुमच्यात स्ट्रॅटेजीचा खेळाडू आहे. "हरलो तर हरलो, पण मग गोष्ट पुढे कशी गेली असती" असं वाटलं तर आरपीजीकडे या. दोन्ही नाही, नुसता राग आला, तर डिफिकल्टी कमी करून अजून एक संध्याकाळ द्या, एवढ्यावरून काही ठरवू नका.

चौथं आणि माझ्या मते सगळ्यात खरं बोलणारं, दुसऱ्या दिवशी दुसरंच काम करत असताना गेममधलं काय आठवलं. मला आठवतात चाली, म्हणजे पुलावर दोन भालेवाले आधी ठेवले असते तर. ताईला आठवतात माणसं.

३. स्ट्रॅटेजीकडे झुकत असाल तर तुमची गल्ली शोधा

स्ट्रॅटेजी म्हणजे एकच प्रकार नाही आणि इथे बरेच जण चुकीच्या दारातून आत जातात.

टर्न-बेस्ड: सिव्हिलायझेशन (पहिला १९९१ मध्ये आला, सिड मायरचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे) यात तुमची पाळी तुम्ही हवा तितका वेळ घेऊन खेळता. हे कोणाला आवडतं? ज्यांना बी पेरून पन्नास टर्ननंतर ते उगवलेलं बघायला आवडतं. आज नदीकाठी शहर वसवलं आणि खूप पुढे जाऊन त्याच शहराने वाचवलं, ही मजा सावकाश येते पण आली की सुटत नाही, "एकच टर्न अजून" म्हणत लोक रात्र काढतात ते यामुळेच.

रिअल-टाइम: एज ऑफ एम्पायर्स २, स्टारक्राफ्ट. इथे घड्याळ थांबत नाही. एज २ मध्ये साधारण तीन विलेजर (काम करणारे गावकरी) आणि एका स्काउटवर (टेहळ्या) खेळ सुरू होतो, अन्न-लाकूड-सोनं-दगड गोळा करायचं, आणि त्याच वेळी समोरचाही तेच करतोय. नवीन माणूस सैन्य लवकर बनवायला बघतो आणि हरतो, कारण खरी शर्यत आहे ती टाउन सेंटर (जिथे विलेजर तयार होतात ती मुख्य इमारत) एक क्षणही रिकामं न ठेवता विलेजर काढत राहण्याची. ज्यांना हात आणि डोकं एकदम चालवायला आवडतं, थोडी धाप लागलेली आवडते, त्यांचा हा प्रकार. विचार करायला निवांत वेळ हवा असणाऱ्याने इथून सुरुवात केली तर त्याला वाटतं सगळी स्ट्रॅटेजी अशीच दमवते, आणि तो परत येत नाही.

टॅक्टिक्स: इन्टू द ब्रीच (२०१८) मध्ये ८ बाय ८ चा छोटासा पट, तुमचे तीन रोबो, आणि शत्रू पुढच्या वेळी कुठे मारणार हे आधीच दिसतं. कोडं सोडवल्यासारखं आहे, बुद्धिबळातले प्रश्न आवडणाऱ्यांनी हाच घ्यावा. एक्सकॉम (२०१२ चा एनिमी अननोन) मध्ये उलट, नेम लागण्याची टक्केवारी दिसते आणि ८५ टक्केवालाही चुकतो. ज्यांना नशिबाचा फटका सहन होत नाही त्यांना हा गेम फार त्रास देतो, आणि ज्यांना जोखीम मोजायला आवडते त्यांना तो सोडवत नाही. स्वभावाचा प्रश्न आहे, बरोबर-चूक काही नाही.

ग्रँड स्ट्रॅटेजी पण आहे, अख्खी राज्यं आणि शेकडो वर्षं, पण ती पहिल्या महिन्यात उघडू नका एवढंच सांगेन.

४. आरपीजीकडे झुकत असाल तर हा एक प्रश्न आधी

तुम्हाला स्वतः कोणीतरी व्हायचंय, की दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट जगायचीय? याचं उत्तर न देता गेम घेतला की फसतो.

स्कायरिम (२०११) तुमच्यावर कोणतीही गोष्ट लादत नाही. क्लास (योद्धा, जादूगार असा ठरलेला प्रकार) निवडायचा नाही, जे वापराल ते वाढतं, तलवार चालवली तर तलवार, लपून चाललात तर लपणं. मुख्य क्वेस्ट (गेमने दिलेली कामगिरी) बाजूला ठेवून शंभर तास नुसतं फिरणारे, घर सजवणारे, पुस्तकं गोळा करणारे लोक आहेत आणि तेही पूर्ण समाधानाने खेळत असतात. पण ज्याला गोष्टीने हात धरून न्यावं असं वाटतं त्याला हे जग पसरट वाटतं. त्याच्यासाठी विचर ३ (२०१५), तिथे तुम्ही गेराल्टच असता, त्याचा आवाज, त्याचा भूतकाळ, त्याची माणसं ठरलेली, तुम्ही फक्त अवघड वळणांवर निर्णय घेता. मला स्वतःला हा दुसरा प्रकार जास्त भावला, आणि माझ्या त्या पहिल्या चाळीस तासांचं काय बिनसलं ते तेव्हा कळलं, मी मोकळ्या जगात गोष्ट शोधत होतो.

मग येतं लढणं कसं हवं. एल्डन रिंग (२०२२) सारख्यात वेळ साधणं हाच जीव आहे, पन्नास वेळा मरून एक्कावन्नाव्या वेळी जिंकण्यातला आनंद ज्यांना हवा त्यांनीच जावं. जपानी आरपीजींची परंपरा, ड्रॅगन क्वेस्ट (१९८६) आणि फायनल फँटसी (१९८७) पासून, बराच काळ पाळीपाळीने लढायची आणि एका टोळीसोबत लांबचा प्रवास करायची आहे. आणि डिस्को एलिझियम (२०१९) मध्ये तर वेगळी लढाईच नाही, तुमची २४ कौशल्यं तुमच्या डोक्यात बसून एकमेकांवर कुरघोडी करत बोलतात आणि सगळा खेळ बोलण्यात, शोध घेण्यात, फासे पडण्यात होतो. वाचायचा कंटाळा असेल तर याला हातही लावू नका, आणि वाचायला आवडत असेल तर यासारखं दुसरं मी तरी पाहिलं नाही.

५. एकाच गेममध्ये पण लोक वेगळे खेळतात, हे विसरू नका

१९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात पहिला मड तयार झाला, म्हणजे नुसत्या मजकुरावर चालणारं, अनेकांनी एकत्र खेळायचं जग. त्याच्या दोन निर्मात्यांपैकी एक रिचर्ड बार्टल, त्याने १९९६ मध्ये अशा जगातले खेळाडू चार प्रकारचे असतात असं मांडलं: काहीतरी मिळवणारे, शोधत फिरणारे, लोकांत मिसळणारे आणि दुसऱ्यांवर वर्चस्व गाजवणारे. ते मडसाठी होतं, एकट्याने खेळायच्या गेमला जसंच्या तसं लावू नये, पण स्वतःकडे बघायला चांगलं आहे.

एज २ चंच घ्या. एक माणूस फक्त ऑनलाइन सामने खेळतो, सेकंद मोजतो. दुसरा फक्त कॅम्पेन (गोष्टीत गुंफलेल्या मोहिमा) करतो कारण त्याला इतिहासातल्या लढाया आवडतात. तिसरा कॉम्प्युटरला सोप्या लेव्हलवर ठेवून तटबंदी, बाग, रस्ते असं सुंदर शहर उभारतो आणि शेवटी नाइलाजाने जिंकतो. तिघंही एज २ खेळतात असंच म्हणतील. म्हणून कोणी गेम सुचवला की "चांगला आहे का" विचारू नका, "तू त्यात काय करतोस" विचारा. उत्तरात जे क्रियापद येईल ते तुम्हाला करायला आवडतं का ते बघा, बांधणं, लढणं, बोलणं, फिरणं, जमवणं. मी हे सुरू केल्यापासून एकही गेम वाया गेलेला नाही.

६. मधले गेम कधी घ्यायचे

वेस्नॉथमध्ये दोन्ही गोष्टी आवडल्या असतील तर मधली वाट आहे. फायर एम्ब्लेम मालिका १९९० पासून आहे, पटावरची लढाई आणि प्रत्येक सैनिक एक पात्र, त्यांच्या आपापसातल्या गप्पा, मैत्री. सुरुवातीला मेलेला कायमचा जायचा, नंतरच्या बऱ्याच भागांत कॅज्युअल मोड आला ज्यात पडलेला पुढच्या लढाईत परत येतो. नवीन असाल तर निःसंकोच कॅज्युअल घ्या, कोणी काही म्हणो. क्रुसेडर किंग्ज ३ (२०२०) दिसायला नकाशावरची स्ट्रॅटेजी आहे पण तुम्ही राज्य नसता, राजा असता. राजा दयाळू असेल आणि तुम्ही त्याला क्रूर वागायला लावलं तर त्याला ताण येतो, तो मेला की वारस होऊन खेळायचं, आणि वारस नालायक निघाला तर तोच तुम्ही. ताईला नकाशावरचा एकमेव आवडलेला गेम हा. पण हाही जड आहे, आधी सांगितलेली महिन्याची अट इथेही लागू.

७. विकत घेतल्यावरचे पहिले दोन तास

रिफंडची दोन तासांची मर्यादा ऐकायला भरपूर वाटते पण आरपीजीत पात्र बनवण्यातच चाळीस मिनिटं जातात, नाक कसं, केस कसे, आणि स्ट्रॅटेजीत ट्युटोरियलच तास खातं. म्हणून आधी कोणाचा तरी न कापलेला, बडबड नसलेला खेळ व्हिडिओवर अर्धा तास बघा, ट्रेलर नाही, ट्रेलरमध्ये खेळ नसतो. मग गेम उघडल्यावर आरपीजीत तयार पात्र घेऊन थेट पहिल्या मोठ्या संवादापर्यंत आणि पहिल्या खऱ्या लढाईपर्यंत जा. स्ट्रॅटेजीत सगळ्यात लहान नकाशा, एकच विरोधी, सोपी लेव्हल. दीड तासाचा गजर लावा. गजर वाजल्यावर "पुढे काय होईल" असं वाटलं तर ठेवा, "बहुतेक पुढे चांगला होत असेल" असं वाटलं तर परत करा. नंतर रिटर्न करू म्हणून चालू ठेवून निघून जाऊ नका, नुसता उघडा राहिलेला वेळही मोजला जातो.

८. नेहमीचे सापळे

गाइड उघडून खेळणं. पहिल्याच दिवशी सगळ्यात भारी बिल्ड (पात्राची कौशल्यं आणि शस्त्रं यांची जुळणी) शोधून तो कॉपी केला की आरपीजीत निवडण्याचाच आनंद गेला, आणि स्ट्रॅटेजीत तर शोधून काढणं हाच खेळ आहे. नियम कळत नसेल तर जरूर बघा, उत्तर बघू नका.

अवघड लेव्हल म्हणजे खरा खेळाडू, हा समज. डिफिकल्टी ही चपलेच्या मापासारखी आहे, पाय दुखतोय तर बदला.

सारखं सेव्ह-लोड करणं. संवादात चुकीचं बोललात, कोणी रागावलं, लगेच लोड केलं, असं केलं तर आरपीजी एक प्रश्नपत्रिका होऊन जाते. चुकीचं राहू द्या, बऱ्याचदा तिथूनच गोष्ट तुमची होते. माझ्या बाबतीत तसंच झालं, एक सोबती माझ्या उर्मट उत्तरामुळे टोळी सोडून गेला आणि उरलेला अख्खा गेम मी त्याची रिकामी जागा बघत खेळलो, ते आजही आठवतं.

सेलमध्ये दहा गेम घेणं. एक घ्या, संपवा किंवा मनापासून सोडा, मग दुसरा.

बुडालेल्या तासांची किंमत धरून बसणं. मी चाळीस तास रेटले ते "आता एवढं खेळलोय तर" म्हणूनच. दहा तासांनंतरही खेळायला बसताना जिवावर येत असेल तर बंद करा.

९. घरात दोन वेगळे खेळाडू असतील तर

आमच्यावर हा प्रसंग आला आणि तोडगा निघाला बाल्डर्स गेट ३ मध्ये (२०२३). त्यात बोलणं, नाती, निर्णय खच्चून भरलेत, आणि लढाई पूर्ण टर्न-बेस्ड आहे, उंचीवर कोण उभं आहे, दारात कोण अडवतंय, जमिनीवर तेल सांडलंय का, सगळ्याला अर्थ आहे. दोघं एकाच स्क्रीनवर खेळू शकता. आम्ही वाटणी अशी केली की गावात ताई पुढे, लढाई सुरू झाली की जागा मी सुचवतो. इथे एक गोष्ट सुरुवातीलाच नीट लावा: जो संवाद सुरू करतो तोच उत्तरं निवडतो, त्यामुळे ज्याला बोलायला आवडतं त्याच्या पात्राला करिश्मा (बोलून पटवण्याचा गुण) जास्त द्या, बार्ड (गाणारा) किंवा सॉर्सरर (जादूगार) चालेल, आणि दुसऱ्याने दारापाशी दोन पावलं मागे थांबायची सवय लावून घ्या. आम्हाला ती लागायला तीन रात्री गेल्या.